जागतिक दिन गावाच्या उपयोगी कसा पडेल? सीमाभागातील शाळा, मंडळे आणि पंचायतींसाठी एक मार्गदर्शन

मार्च महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील शाळा, महिला मंडळे आणि तरुण मंडळे यांच्यापुढे जागतिक दिनांची रांगच उभी राहते. ८ तारखेला महिला दिन, २२ ला जल दिन, २४ ला क्षयरोग दिन आणि त्यापाठोपाठ ७ एप्रिलला आरोग्य दिन. फलक लागतो, पाहुण्यांचा सत्कार होतो, शपथ म्हटली जाते, छायाचित्र निघते आणि कार्यक्रम संपतो. अशा कार्यक्रमांच्या तयारीत मी पुष्कळ वर्षे राहिलो आहे. एका शाळेत आम्ही १५ ऑक्टोबरचा हात धुण्याचा दिवस मोठ्या उत्साहाने पार पाडला होता. तीन महिन्यांनी तिथे पुन्हा जाणे झाले, तेव्हा मुलांना हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या. परंतु तोटी मोडून पडलेली होती आणि साबण कधी संपला हे कोणालाही सांगता आले नाही. किती तोट्या चालू आहेत, एक वडी किती दिवस पुरते आणि ती संपली की नवी कोण आणतो, यांपैकी एकही प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारलेला नव्हता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्या दिनासाठी आपण आधी काही मोजले नाही आणि ज्यानंतर काही महिन्यांनी तेच पुन्हा मोजणार नाही, तो दिन हाती घेऊ नये. वर्षातून एकच दिन घेतला तरी चालेल. पुढे सांगितलेली पद्धत या नियमावर उभी आहे आणि ती कोणत्याही गावाला फारशा खर्चाविना अमलात आणता येते.

संशोधन आपल्या दाराशी झालेले आहे

‘संशोधन’ हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा आणि परदेशी विद्यापीठे डोळ्यांपुढे येतात. म्हणून कार्यक्रमाच्या पहिल्याच बैठकीत बेळगावचे एक उदाहरण अवश्य सांगावे. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. रक्त किती गेले, हे पूर्वी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवले जात असे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह एक साधे साधन वापरात आणले. ते म्हणजे बाळंतिणीखाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिला जोडलेली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेषा. याच महाविद्यालयात डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीवरचा आकडा यांची तुलना झाली, तेव्हा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी पडतो असे दिसून आले. याचा अर्थ असा की अनुभवी डोळ्यांनाही धोका कमी वाटत होता.

याच साधनाच्या आधाराने २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर एक चाचणी झाली. गावोगावच्या परिचारिकांनी प्रसूतीनंतर काही स्त्रियांना मिझोप्रोस्टॉल या, गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या दिल्या. कोणाला कोणती गोळी मिळाली हे परिचारिकांनाही ठाऊक नव्हते. मिझोप्रोस्टॉल मिळालेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर दुसऱ्या गटात १२ टक्के निघाले. हे निष्कर्ष २००६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठीच्या अत्यावश्यक औषधांत या गोळीचा समावेश केला. रेषा आखलेल्या अशाच चादरीचा उपयोग पुढे आफ्रिकेतील चार देशांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या एका अभ्यासात झाला, ज्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. खेड्यातल्या परिचारिकांनी जपून केलेल्या नोंदींतून उगवलेले हे ज्ञान आहे. ५ मेच्या जागतिक सुईण दिनी आपल्या भागातील परिचारिकांचा सत्कार करायचा असेल, तर शाल-श्रीफळाबरोबर ही हकिकत गावाला सांगावी. तिचा मान त्यांना मिळायलाच हवा.

दिनांचा उगमही पुष्कळदा असाच आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून ती तारीख क्षयरोग दिनाची. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली, म्हणून तो आरोग्य दिन. पर्यावरण दिनाची ५ जून ही १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेच्या प्रारंभाची तारीख आहे. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २२ मार्च हा जल दिन ठरवला. पाहुण्यांच्या भाषणात एवढा इतिहास पुरे. उरलेला वेळ गावाच्या आकड्यांना द्यावा.

दिन निवडताना शिवाराकडे पाहावे

जागतिक तारखा आपल्या शेतीचे वेळापत्रक पाहून ठरलेल्या नाहीत. ५ जूनच्या आसपास खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताच्या पेरणीची घाई असते आणि पाऊस अजून नीट बसलेला नसतो. त्या दिवशी लावलेली रोपे पुष्कळदा पावसाच्या पहिल्या उघडिपीतच जळतात. म्हणून ५ जूनला रोपे लावण्याऐवजी गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली याची मोजणी करावी, नव्या खड्ड्यांच्या जागा ठरवाव्यात आणि लागवड पाऊस स्थिरावल्यावर करावी. जगलेल्या रोपांची संख्या फलकावर लिहिणे हे शंभर नवी रोपे लावल्याच्या बातमीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. ऊसपट्ट्यात, विशेषतः कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग आणि चिकोडी भागांत, ५ डिसेंबरचा मृदा दिन घ्यायला हरकत नाही. जास्त पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड होत असल्याने मातीच्या नमुन्यांची तपासणी तिथे थेट उपयोगाची ठरते. मात्र ऊसतोडीचे दिवस लक्षात घेऊन सभा संध्याकाळी ठेवावी.

निपाणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन आणि निपाणी परिसराचा संसार पिढ्यान्‌पिढ्या विडीच्या तंबाखूवर चाललेला. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथे झालेले आंदोलन जुन्या लोकांना अजून आठवते. अशा ठिकाणी बाहेरून येऊन व्यसनमुक्तीची शपथ देणे म्हणजे शेतकऱ्याला आणि वखारीतल्या बाईला अपराधी ठरवणे होय, आणि ते मला मुळीच मान्य नाही. त्याऐवजी काम करणाऱ्यांच्या आरोग्याकडे पाहावे. तंबाखूची ओली पाने हाताळताना त्यांतले निकोटिन कातडीतून शरीरात शिरते आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलटी होते, हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे. किती जणींना हा त्रास होतो, हातमोजे कोणाला मिळतात, काम संपल्यावर हात धुण्याची सोय आहे की नाही, एवढी माहिती वखारीतल्या स्त्रियांच्या संमतीने गोळा झाली, तरी त्या दिवसाचे चीज झाले असे समजावे. पर्यायी पिकांचा विषय काढायचाच असेल, तर भावाचे आणि बाजाराचे आकडे हाताशी घेऊन काढावा.

एक पूर्ण उदाहरण: २२ मार्चचे पाणी

सुरुवात करणाऱ्या गावाने जल दिन घ्यावा असे माझे मत आहे, कारण पाणी मोजता येते, त्याचे निकाल दोन दिवसांत हाती येतात आणि दोष सापडला तर तो बहुधा गावालाच दूर करता येतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस गावातील पाण्याच्या सर्व जागांची यादी करावी. सार्वजनिक विहिरी, कूपनलिका, उंच टाकी, नळाचे पहिले आणि शेवटचे घर, शाळेची टाकी आणि अंगणवाडीचा माठसुद्धा त्यात यावा. वाड्या आणि गावाच्या कडेच्या वस्त्या राहून जातात, म्हणून यादी करताना प्रत्येक वस्तीतली एक तरी बाई सोबत असावी. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, शक्यतो स्त्रियांना, पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे पंचायतीत विचारावे आणि तपासणीचा संचही तिथेच मागावा.

जंतूंसाठी सर्वांत सोपी तपासणी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची आहे. ती १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी खेड्यांसाठीच तयार केली. हात साबणाने धुऊन, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता, बाटली खुणेपर्यंत भरावी. नळाचे पाणी घेताना आधी ते दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहून ती उन्हापासून दूर, घरातल्या उबदार जागी ठेवावी आणि २४ ते ४८ तासांनी पाहावी. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतील जंतू मिसळले असण्याची दाट शक्यता असते. एक बाटली उकळून थंड केलेल्या पाण्याची अवश्य भरावी. तीही काळी पडली, तर आपली भरण्याची पद्धत चुकली किंवा संच खराब आहे असे समजून सर्व तपासणी पुन्हा करावी. या एका तुलनेच्या बाटलीमुळे साधी पाहणी संशोधनाच्या पंक्तीला बसते, आणि सातवी-आठवीच्या मुलांना हा मुद्दा कोणत्याही भाषणापेक्षा लवकर उमगतो.

संचात क्लोरीन, नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्याही चाचण्या असतात. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात उरलेले क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर फ्लोराइड १.५ पर्यंत चालते. गावातल्या संचाचा निकाल हा इशारा असतो, अंतिम निर्णय नसतो. शंका आली तर नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवण्याची लेखी मागणी करावी.

विहिरीचे पाणी दूषित निघाले तर ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नये. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणावे, आलेल्या संख्येला ४ ने भागावे आणि १,००० ने गुणून लिटर काढावेत. समजा, विहीर ३ मीटर व्यासाची आहे आणि पाणी ४ मीटर आहे. तर पाणी २८,२६० लिटर भरते. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतावे आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवावी. तासभर पाणी उपसू नये आणि त्यानंतर क्लोरीन तपासावे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, म्हणून ही शेवटची तपासणी चुकवू नये.

२२ मार्चच्या सभेत मग नवे काही सांगावे लागत नाही. गावाचा नकाशा, त्यावर हिरवे आणि काळे ठिपके, आणि काळ्या बाटल्या टेबलावर. लोक आपोआप आपापल्या गल्लीचा ठिपका शोधू लागतात. मात्र एखाद्या घरावर किंवा जातीच्या वस्तीवर बोट दाखवले जाणार नाही याची खबरदारी आधीच घ्यावी. पाणी कोणाच्या विहिरीचे हा विषय आपल्याकडे अजूनही जुन्या जखमा उघड्या करतो. खरी परीक्षा जुलैत असते, कारण पावसाळ्यात वरचे घाण पाणी विहिरीत आणि फुटक्या नळात शिरते. त्याच जागांची, त्याच पद्धतीने जुलैमध्ये पुन्हा तपासणी झाली नाही, तर मार्चचा नकाशा भिंतीवरचे चित्र होऊन राहतो.

समानता मोजायची ती वेळेने

समानतेवर व्याख्यान देणे सोपे असते, पण ऐकणारा पुरुष मान डोलावून घरी जातो. ८ मार्चला किंवा १५ ऑक्टोबरच्या ग्रामीण महिला दिनाला वेळेची नोंद करावी. एका कागदावर पहाटे ४ पासून रात्री ११ पर्यंत तासांचे रकाने आखावेत आणि प्रत्येक घरातील एक स्त्री व एक पुरुष यांना वेगवेगळे बसवून ‘काल कोणत्या तासाला काय केले’ एवढेच विचारावे. ‘साधारणपणे काय करता’ असे विचारले की उत्तरे शोभिवंत होतात. ‘काल’ म्हटले की माणूस आठवून सांगतो. सणाचा किंवा बाजाराचा दिवस टाळावा. पाणी भरणे, सरपण, जनावरे, म्हाताऱ्यांची सेवा आणि मुलांचा अभ्यास यांचे रकाने आधीच ठेवावेत, कारण पुष्कळ स्त्रिया या कामांना काम म्हणतच नाहीत.

तुलनेसाठी देशाचा आकडा उपलब्ध आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो असे आढळले. शिवाय घरकामाला मुळात हात लावणारे पुरुषच २६.१ टक्के होते, तर स्त्रिया ८१.२ टक्के. आपल्या गावाचे आकडे यांच्याशेजारी मांडावेत. नळ दारात आलेल्या गल्लीतल्या आणि विहिरीवर जाणाऱ्या वस्तीतल्या बायकांचे आकडे वेगळे काढले, तर पाण्याचा प्रश्न हा स्त्रियांच्या वेळेचा आणि आरोग्याचाही प्रश्न कसा आहे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोणतीही मोजणी असो, स्त्री, पुरुष, वस्ती आणि वय यांनुसार आकडे वेगळे ठेवणे मी अनिवार्य मानतो. सरासरीखाली गावाच्या टोकाची वाडी झाकली जाते.

खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलातल्या वाड्यांसाठी हेच मोजमाप दुसऱ्या रूपाने करता येते. पावसाळ्यात आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला खांद्यावरून गाडीच्या रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेव्हा किती मिनिटे लागतात? ते अंतर प्रत्यक्ष चालून, घड्याळ लावून, जूनच्या आधी आणि जुलैच्या पावसात असे दोनदा मोजावे. ‘रस्ता नाही’ या तक्रारीपेक्षा मिनिटांचा हा आकडा अधिकाऱ्यांना टाळणे अवघड जाते.

आजाराची मोजणी आणि माणसाची अब्रू

२४ मार्च २०२३ रोजी देशात क्षयमुक्त पंचायतीचा उपक्रम सुरू झाला आणि त्याच्या निकषांमुळे हा दिन मोजणीशी पक्का जोडला गेला आहे. त्यांपैकी एक निकष असा की दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी झाली पाहिजे. ३,००० वस्तीच्या गावात म्हणजे ९० जणांची. आपल्या गावात गेल्या वर्षी किती झाल्या, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे आशाताईंबरोबर घरोघरी सांगावीत. रुग्णाच्या घरच्यांच्या आहाराकडेही लक्ष द्यावे. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी झारखंडमध्ये केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णांच्या कुटुंबीयांना अन्नधान्याचा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. गावाने दोन घरांचा शिधा उचलला, तर त्यामागे असा भक्कम पुरावा उभा आहे.

पण इथे एक मर्यादा कधीही ओलांडू नये. किती तपासण्या झाल्या ही संख्या गावाची आहे. कोणाला आजार आहे हे नाव गावाचे नाही. शिधा द्यायचा तो आशाताईंच्या हातून, गाजावाजा न करता. विद्यार्थ्यांना रोगी शोधायला पाठवू नये, आरोग्य कर्मचाऱ्याशिवाय कोणाचे रक्त घेऊ नये, आणि माहिती देण्याआधी प्रत्येकाला ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे.

आकडे कुठे न्यायचे

भाषेचा विचार इथे आला पाहिजे. आपल्या गावांत मराठीबरोबर कन्नड, उर्दू आणि काही वाड्यांत कोकणी बोलणारी घरे असतात. प्रश्नावली ज्याच्या त्याच्या भाषेत विचारावी. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचे उत्तर खरे मानता येत नाही. पंचायतीचा कारभार कन्नडमधून चालतो, म्हणून अर्ज आणि आकड्यांचा तक्ता कन्नडमध्ये करून घ्यावा आणि सोबत मराठी प्रत जोडावी. कन्नड जाणणारा शाळेतला शिक्षक किंवा महाविद्यालयात शिकणारी गावचीच मुलगी हे काम आनंदाने करते.

कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा भरवणे बंधनकारक आहे. मुलांची मक्कळ ग्रामसभाही भरते आणि शाळेतली पाणीतपासणी मांडायला ती उत्तम जागा आहे. पंचायतीच्या पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची लोकमोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यामुळे मार्च आणि जुलै या दोन्ही तपासण्यांचे आकडे सप्टेंबरअखेर तयार असावेत. अर्जात मागणी एकच आणि नेमकी असावी: अमुक वस्तीतील फुटलेली नळवाहिनी बदलणे, शाळेच्या तोट्या आणि साबणाचा खर्च धरणे, वाडीपर्यंतच्या रस्त्याची खडी. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्ज देऊन पोच घ्यावी आणि ठराव झाल्यावर त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

ही वही दोन प्रतींत ठेवावी, एक शाळेत आणि एक महिला मंडळात, कारण शिक्षकांची बदली होते आणि मंडळाच्या अध्यक्षा बदलतात. पहिल्या पानावर बाटली कशी भरली, कोणत्या जागा तपासल्या आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला हे लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या हातांनी मोजले तरी तुलना होऊ शकेल. शेवटच्या पानावर पुढील तपासणीची तारीख आणि ती करणाऱ्या दोघींची नावे त्यांच्या सहीनिशी घ्यावीत.